बर्फापर्यंतचा पास

सोलापूर स्टेशनवर मुंबईच्या गाडीत बसल्या बसल्या मी तिकीट-तपासनिसाच्या हातात स्वित्झर्लंडचा पास दिला. मुद्दाम नाही. कोटाच्या आतल्या खिशात दोन पास होते, एक आपल्या रेल्वेचा आणि एक त्यांचा. हाताला जो आधी लागला तो मी रुबाबात पुढे केला. तपासनीस होते काझीसाहेब, माझ्या वीस वर्षांच्या ओळखीचे. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, पास उलटा केला, सुलटा केला, आणि म्हणाले, "साब, ये गाडी दादरतक जाती. आगे बरफ में कौन लेके जारा तुमकू?"

डबा हसला. खिडकीबाहेर निरोपाला आलेले शेजारीपाजारी हसले. आमची मंडळी खिडकीकडे तोंड करून हसली, म्हणजे मला दिसू नये म्हणून. मी दुसरा पास काढून दिला. काझीसाहेबांनी तो न बघताच परत केला. माझं अक्षर ते लांबून ओळखतात. पण पहिला काही त्यांच्या हातून सुटेना.

"इसमें भाभी का नाम किधर है?"

"आहे की. खाली बघा."

खाली निळ्या शाईत, सुबक इंग्रजी अक्षरात 'अँड वाइफ' असं लिहिलेलं होतं आणि शेजारी छोटी सही होती.

"ये तो तुमारी सही है."

"मग दुसऱ्या कुणाची असणार?"

काझीसाहेबांनी पास माझ्या हातात ठेवला आणि "खुदा हाफिज" जरा जास्तच गंभीरपणे म्हटलं. गाडी सुटली.

आता हे सगळं कसं झालं ते सांगायला हवं. मी रेल्वेच्या सोलापूरच्या कचेरीत पास-क्लार्क. रेल्वेच्या नोकरांना वर्षाकाठी प्रवासाचे जे फुकट पास मिळतात ते लिहून देण्याचं काम बावीस वर्षं करतो आहे. कुठून, कुठं, कुठल्या मार्गानं, मधे कुठं उतरणार, सोबत कोण. आमच्या पासावर माणूस कधी एकटा नसतो. 'सेल्फ' लिहिलं की पाठोपाठ 'वाइफ' येते, मग मुलं येतात, आणि वडील वारले असतील तर आईही येते. एका कागदावर अख्खं बिऱ्हाड काशीला गेलेलं मी बघितलं आहे. पास या विषयात मला कुणी काही शिकवावं असं मला तरी तेव्हा वाटत नव्हतं.

हिचा धाकटा भाऊ दत्ता सोलापूरच्या एका गिरणीत फिटर होता. माग बनवणाऱ्या एका कारखान्यात शिकायला म्हणून झुरिकजवळ गेला आणि तिकडंच चिकटला. आईवेगळ्या दत्ताला हिनंच लहानाचं मोठं केलेलं. त्याची आठवण ठेवून त्यानं आम्हां दोघांना विमानाची तिकिटं पाठवली आणि पत्रात विचारलं, ताई, तुला इथं काय बघायचंय? हिनं उलट टपाली एका ओळीत कळवलं, 'मला बर्फ बघायचाय, हाताला लावून.'

आमच्याकडे बर्फ म्हणजे लाकडाच्या भुशात गुंडाळलेली लादी. वैशाखात सायकलच्या मागं बांधून आणायची आणि घरी येईपर्यंत निम्मी रस्त्यावर सांडायची. हिचं म्हणणं असं की तो माणसानं केलेला बर्फ झाला. "मला आपोआप पडलेला बघायचाय," ती म्हणायची.

दत्ताला रजा नव्हती. तेव्हा चार दिवसांची आल्प्सची सहल आम्ही दोघांनीच करायची असं ठरलं. 'तिकिटं मी काढून ठेवतो, दाजी,' असं त्यानं लिहिलं. (आमच्याकडे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात, आणि दाजींचा मान ठेवता ठेवता त्यांची फिरकीही घेतात.) मला ते लागलं. विमानाचं ठीक आहे, विमान माझ्या खात्यात येत नाही. पण रेल्वेत आयुष्य काढलेल्या माणसाचं गाडीभाडं मेहुण्यानं भरायचं? मी लिहिलं, फक्त माहितीपत्रकं पाठव, पास मी निवडतो.

पत्रकं आली आणि आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी सभा भरू लागली. सभेचे मुख्य सभासद शेजारचे भीमराव. भीमराव मालगाडीवर गार्ड, मूळचे केमचे. तिथल्या स्टेशनात गाड्या बघत बघतच ते मोठे झाले, असं ते सांगतात. पत्रकं तीन होती. एक पास साऱ्या देशाचा, आठ दिवस, हवं तिथं फिरा. दुसरा एकाच डोंगरी भागाचा. तिसरा म्हणजे पासच नव्हे, एक कार्ड. ते दाखवलं की महिनाभर सगळ्या गाड्यांना निम्मं भाडं.

"भाऊसायेब, ह्यो निम्म्या भाड्याचा घ्या की," भीमराव म्हणाले. "सोपा हाय, सस्ता हाय. दोगांना दोन घ्या."

"निम्मं भाडं द्यायचं म्हणजे भाडंच दिल्यासारखं झालं, भीमराव. पास म्हणजे खिशात हात न घालता बसायचं."

"मंग ह्यो डोंगराचा?"

"एवढंसं क्षेत्र आहे ते. करमाळा तालुक्याएवढं."

"आवं पर तुमाला डोंगरातच जायाचंय न्हवं?"

मी नकाशा पसरला. साऱ्या देशाच्या पासाचा नकाशा बघण्यासारखा होता. ठळक रेघांचं जाळंच्या जाळं. बावीस वर्षं मी जो पास जास्तीत जास्त लांबचा तोच चांगला असं मानत आलो आहे. आमच्याकडे लोक कन्याकुमारीचा पास काढतात आणि मिरजेला उतरतात, पण पास कन्याकुमारीचा हवा. शिवाय हा आठ दिवसांचा. सहल चार दिवसांची. उरलेले चार दिवस रजेसारखे शिल्लक राहतील, पुढं कधीतरी उपयोगी पडतील असं मी मनाशी धरलं.

नकाशात डोंगराकडे चढत गेलेल्या काही रेघा मात्र तुटक होत्या. भीमरावांनी त्यांवर बोट ठेवलं. "ही अशी तुटकी का वो?"

मी हसलो. तुळजापूरची लाइन मी नोकरीला लागल्यापासून नकाशात तुटकच बघत आलो आहे. तुटक म्हणजे कागदावर आहे, रूळ पडायचे आहेत. "काम चालू असेल," मी म्हणालो.

"चांगला देस हाय म्हणायचा. तितंबी काम चालूच."

ही आतून कणकेचे हात घेऊन दारात आली. "बर्फ कुठल्या रेघेवर आहे?"

"अगं, सगळा देशच बर्फाचा आहे."

"तसं नव्हे. उतरायचं कुठं?"

"ते तिथं गेल्यावर बघू."

ती एकदा नकाशाकडे बघून आत गेली. सभा माझ्या बाजूनं संपली.

मुंबईच्या एका प्रवासी कंपनीला मी फॉर्म भरून पाठवला. पास किती हवेत? एक. प्रवाशाचं नाव? माझं नाव, आणि पुढं सवयीनं 'सेल्फ अँड वाइफ'. किंमत जरा जड वाटली, पण दोघांची म्हटल्यावर चालण्यासारखी होती. पंधरा दिवसांनी पास आला आणि त्यावर नाव एकट्या माझंच. मी मनात त्या कंपनीच्या कारकुनाची कीव केली. आमच्या विभागात अशी चूक झाली तर खाडाखोड न करता राहिलेलं लिहायचं आणि शेजारी सही करायची असा नियम आहे. मी तेच केलं. एवढ्यासाठी पास परत मुंबईला कोण पाठवणार?

झुरिकला दत्ता विमानतळावर आला होता. जाडजूड झाला होता, पण ताईला बघून लहान मुलासारखा रडला. दोन दिवस त्याच्या घरी आम्ही पिठलं-भात खाल्ला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आम्हाला स्टेशनवर आणलं, बहिणीच्या अंगात स्वतःचा लोकरी कोट घातला, पायात स्वतःचे बूट, आणि मला म्हणाला, "दाजी, पास बघू."

"पास बघायचा अधिकार फक्त तपासनिसाला असतो."

"मग हे ठेवा तरी." त्यानं काही नोटा पुढं केल्या. आपलं सरकार त्या काळात परदेशी जाणाऱ्याला हातखर्चाला जे चलन देत असे ते एखाद्या बेताच्या माणसाला कसंबसं पुरावं इतकंच असे, हे त्याला ठाऊक होतं.

"काय करायचेत? आमच्याकडे पास आहे."

"दाजी, अडीनडीला असू द्या की."

"दत्ता, रेल्वेच्या माणसाला रेल्वेत अडचण येत नाही."

हिनं दत्ताच्या हातातल्या नोटांकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. ती नजर मला त्या सहलीत पुढं बऱ्याच वेळा आठवली.

गाडी ठरल्या मिनिटाला सुटली. डबा स्वच्छ, गाद्या मऊ, माणसं गप्प. मी शिरस्त्याप्रमाणे ट्रंकेला साखळी घालून बाकाच्या पायाला कुलूप लावलं. ते बघून समोरच्या बाईंनी आपली पर्स मांडीवर घेतली. बाहेर हिरवीगार कुरणं, घंटा बांधलेल्या गाई आणि खिडकीखिडकीत लाल फुलं. "सगळं पुसून ठेवल्यासारखं आहे," ही म्हणाली. सोलापूरच्या माणसाला एवढा हिरवा रंग एकदम बघायची सवय नसते. तासाभरानं डोळे दमतात.

तेवढ्यात तपासनीस आला. टोपी, गलमिशा, गळ्यात चामड्याची पिशवी. मी पास दिला. तो वाचू लागला आणि मधेच थांबला. 'अँड वाइफ'वर त्यानं बोट ठेवलं.

"हे कुणी लिहिलं?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"मी."

"तुम्ही?"

"मी पास-क्लार्क. इंडियन रेल्वे. बावीस वर्षं." मी ओळखपत्र दाखवलं. त्यावर माझा एक तरुणपणचा फोटो आहे, त्यात मी फरारी माणसासारखा दिसतो. त्यानं फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा पास बघितला. मग माझ्या शेजारी बसलाच. त्यानं मला समजावून सांगितलं, शांतपणे, लहान मुलाला सांगावं तसं, की पास एका माणसाचा असतो. बायको हे दुसरं माणूस आहे. आणि छापील पासावर कुणी काही लिहिलं तर नियमाप्रमाणे तो पास रद्द होतो.

पास रद्द म्हणजे दोघंही पुढच्या स्टेशनवर खाली, आणि संध्याकाळी दत्ताच्या दारात.

"काय म्हणतोय?" हिनं विचारलं.

"तांत्रिक बोलतोय."

त्यानं ओळखपत्र पुन्हा एकदा हातात घेतलं. मग पिशवीतून पेन काढलं, 'अँड वाइफ'वर एक बारीक आडवी रेघ मारली आणि शेजारी, माझ्या सहीखाली, आपली छोटी सही केली. बावीस वर्षांत माझा शेरा इतक्या अदबीनं कुणी खोडला नव्हता. मला सलाम करून त्यानं हिचं तिकीट फाडलं. ते पुऱ्या भाड्याचं होतं.

"मला रद्द केलं का हो त्यानं?" ही म्हणाली.

"फक्त पासावरून."

"तेवढंच असू दे."

पहिला मुक्काम ल्युसर्न. मोठं तळं, तळ्यात पांढऱ्या बोटी. पासावर बोटही फुकट होती, पण अर्थात माझ्यापुरती. हिचं तिकीट काढायचं तर पुढची गाडी अवघड झाली असती. "तुम्ही जावा की," ती म्हणाली, "पास आहे तर वाया कशाला घालवायचा? मी बसते इथं." आणि मी गेलो. हे लिहिताना लाज वाटते, पण गेलो. दीड तास मी त्या सुंदर तळ्याच्या मध्यावर होतो आणि काठावरच्या बाकावरचा एक हिरवा ठिपका बघत होतो. ती हिची साडी होती. मी हात केला. ठिपक्यानंही हात केला. बोटीतल्या लोकांना वाटलं मी कुणाला तरी कायमचा सोडून चाललो आहे.

रात्री खानावळीत वितळलेल्या चीजचं भांडं आलं. आजूबाजूचे लोक लांब काट्याला पावाचे तुकडे टोचून त्यात बुडवत होते. हिनं वास घेतला आणि पिशवीतून कडक भाकरी काढली. (ज्वारीची ही भाकरी पापडासारखी पातळ थापून कडकडीत वाळवतात, महिनाभर टिकते आणि मोडताना आवाज होतो.) आवाज झाला. सगळ्या खानावळीनं मान वळवली. सोबत शेंगाची चटणी होती. ती चीजमध्ये घातल्यावर चीज खाण्यासारखं होतं, हा माझा त्या देशाला एकमेव सल्ला.

सहलीच्या तिसऱ्या दिवशी आम्ही लाउटरब्रुननला पोचलो. दोन्ही बाजूंना उभे कडे, कड्यांवरून पडणारे धबधबे, मधे चिमुकलं गाव. बर्फ मात्र नाही. जून महिना होता. तीन दिवस आम्ही बर्फाच्या देशात फिरत होतो आणि हिनं अजून बोटभरसुद्धा बर्फ बघितला नव्हता. डोंगरांच्या टोकांवर लांबून पांढरं दिसायचं. "ते दिसतं तसं कॅलेंडरातही दिसतं," ती म्हणायची. दुसऱ्या दिवशी परतायचं होतं. म्हणजे जे काही व्हायचं ते त्याच दिवशी.

वर, अकरा हजार फुटांवर, बर्फातच स्टेशन आहे आणि तिथपर्यंत गाडी जाते असं कळलं. दातेरी चाकाची गाडी, मधे एकदा बदलायची. मी खिडकीपाशी जाऊन पास टेकवला. आतल्या कारकुनानं मान हलवली. "हा पास इथपर्यंत."

"पण नकाशात..."

त्यानं नकाशा उघडून आमच्या स्टेशनावर पेन्सिल ठेवली. ठळक रेघ तिथं संपत होती. तिथून वर तुटक.

"तुटक म्हणजे काम चालू ना?" मी विचारलं.

त्यानं माझ्यामागं बोट केलं. मागं लाल डब्यांची गाडी माणसांनी भरून उभी होती. काम पुरं झालं होतं, माझ्या जन्माच्या आधी. तुटक म्हणजे पास चालत नाही, एवढंच.

पासवाल्याला भाड्यात थोडी सूट होती, हिला काहीच नाही. आम्ही बाकावर बसून उरलेलं चलन मोजलं. हिच्या तिकिटांनीच ते आटवलं होतं. परतीचं हिचं भाडं बाजूला ठेवल्यावर एकाच माणसाला वर जाता येत होतं.

"तुम्ही जावा," ती म्हणाली. "तुम्हाला स्वस्तात पडतंय."

"बर्फ कुणाला बघायचाय?"

"तुम्ही बघून येऊन सांगा. तुम्हाला सांगता छान येतं."

"मी बोटीत बसलो तेवढं पुरे आहे."

"अहो, मी एकटी कधी पंढरपूरच्या गाडीतसुद्धा बसले नाही. आणि इथं मधे बदलायची म्हणतात."

हे खरं होतं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण हिच्या प्रवासाचा प्रत्येक कागद मी लिहिलेला आणि प्रत्येक डबा मी शोधलेला. पण त्या दिवशी, का कोण जाणे, मला तिचं तळ्याकाठच्या बाकावरचं हिरवं ठिपक्याएवढं दिसणं पुन्हा बघवणार नव्हतं. मी उठलो आणि एक तिकीट मागितलं. कारकून काहीतरी बोलला, वर बोट केलं आणि तोंडापुढून पंजा दोन-तीनदा फिरवला. मला वाटलं, वर वारा आहे म्हणतोय. "कोट आहे," मी म्हणालो. त्यानं खांदे उडवले आणि तिकीट दिलं.

मग मी माझ्या पद्धतीनं तिला तयार केलं. पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर इंग्रजीत पास लिहिला. लाउटरब्रुनन ते बर्फ आणि परत. व्हाया, मधलं बदलायचं स्टेशन. धारक, वाइफ. सोबत... तिथं पेन जरा थांबलं. 'सोबत कुणी नाही' असं मी आजवर कुणाच्याच बायकोच्या पासावर लिहिलेलं नव्हतं. लिहिलं, आणि खाली सही केली. "काही अडलं तर हा कागद टोपीवाल्याला दाखव."

"टोपी नसली तर?"

"मग मिशीवाल्याला."

तिनं कागद पर्समध्ये ठेवला, चटणीचा डबा पिशवीत घातला, दत्ताचे बूट टापटाप वाजवत गाडीत चढली. गाडी दाते खात वर सरकली आणि वळणाआड गेली.

पुढचे सहा तास मी एका बाकावर काढले. आधी गाड्यांच्या वेळा तपासल्या; एकही चुकली नाही, मला ते जरा अमानुष वाटलं. मग काळजी सुरू झाली. बदलायच्या ठिकाणी चुकून उलट्या गाडीत बसली तर? पलीकडच्या दरीत उतरली तर? भाषा येत नाही, पैसे नाहीत, आणि माझ्या सहीचा कागद. माझी सही इथं कशी चालते ते मी परवाच बघितलं होतं. दर गाडीला मी उठून उभा राहायचो आणि टोप्या-चष्म्यांच्या गर्दीत एक साडी शोधायचो. शेजारी एक म्हातारेबुवा पाइप ओढत बसले होते. त्यांनी मला विचारलं, "हरवलं?" मी म्हणालो, "बायको." त्यांनी मोठ्या समजुतीनं मान हलवली. मी त्यांना कडक भाकरीचा तुकडा दिला. त्यांनी तो आधी वाजवून बघितला, मग खाल्ला, मग मला पाइप देऊ केला. तिसऱ्या गाडीलाही ती आली नाही तेव्हा ते माझ्याबरोबर उभे राहिले.

चौथ्या गाडीतून ही उतरली. नाक लाल, केस ओले, बूट ओले, आणि चालीत असा काही डौल की मी क्षणभर ओळखलंच नाही. म्हातारेबुवांनी टोपी काढली.

"चुकलीस कुठं?"

"चुकते कशाला? कागद होता की." तिनं मला तो दाखवला. त्यावर तिकीट-चिमट्यानं पाडलेलं एक नीटस गोल भोक होतं. वरच्या तपासनिसानं माझा पास वाचला होता, मानला होता आणि पंच केला होता. बावीस वर्षांच्या नोकरीत असा सन्मान मला मिळाला नाही.

"कसं होतं वर?"

"छान होतं."

"डोंगर दिसले?"

"दिसले की." तिनं पिशवीतून चटणीचा डबा काढला. "घ्या. तुमचा वाटा."

डब्यात बर्फ होता. वाटेत निम्मा वितळला होता, राहिलेला तांबूस झाला होता, आणि त्याला लसणाचा वास येत होता. आम्ही दोघांनी तो बाकावर बसून बोटांनी खाल्ला. म्हातारेबुवांनाही दिला. त्यांना ठसका लागला. आपल्या देशाचा बर्फ आपण इतकी वर्षं चुकीचा खात होतो असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

झुरिकला परतल्यावर उरलेले चार दिवस शिल्लक ठेवता येतात का, हे विचारायला मी खिडकीवर गेलो होतो. तिथल्या बाई पाच मिनिटं हसत होत्या, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. दत्तानं कागद-पेन्सिल घेऊन दाखवून दिलं की निम्म्या भाड्याची दोन कार्डं घेतली असती तर दोघंही बर्फापर्यंत जाऊन आलो असतो. "दाजी, पुढच्या वेळी पास मी बघतो," एवढंच तो म्हणाला. मी हो म्हणालो.

सोलापूरला आल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर पुन्हा सभा भरली. ऊन अजून तावत होतं. हिनं चहा दिला आणि सगळ्यांनी हिलाच बोलतं केलं. मी बावीस वर्षांच्या प्रवासांची वर्णनं इथंच सांगत आलो आहे, पण त्या दिवशी मला कुणी विचारलंच नाही. हिनं सांगितलं, आणि काय सांगितलं! एकामागं एक सात शिखरं, उन्हात चमकणारी. त्यांच्यामधून नदीसारखी उतरलेली बर्फाची वाट. आभाळ इतकं निळं की डोळे दिपावेत. मी गुमान ऐकत होतो. मला वाटत होतं, सहा तास बाकावर बसलो ते सार्थकी लागलं.

"म्हंजी निम्म्या भाड्याचाच बरा हुता म्हणा की," भीमराव माझ्याकडे वळून म्हणाले.

"त्यात तांत्रिक बाबी असतात, भीमराव."

"व्हय. असत्यात."

मंडळी पांगली. ही कपबशा गोळा करू लागली. मी म्हणालो, "एवढं सगळं तू मला तिथं का नाही सांगितलंस?"

ती कप एकात एक घालत राहिली. मग म्हणाली, "खरं सांगू का? वर नुसतं धुकं होतं. हात पुढं केला तर हात दिसंना. पायाखाली करकर वाजलं तेव्हा कळलं, आला बर्फ म्हणून. शिखरं सगळी तिथल्या दुकानातल्या कार्डावर बघितली."

"मग मला म्हणालीस, दिसले की."

"सहा तास वाट बघत बसला होता तुम्ही. काय सांगायचं होतं?" ती ट्रे घेऊन दारापर्यंत गेली आणि थांबली. "बर्फ मिळाला, हाताला लावला, माझं काम झालं. पण तिथं धुक्यात एकटी उभी राहिले ना, तेव्हा एकदा वाटलं, हे असते तर काय काय दिसत नाहीये ते तरी सगळं सांगितलं असतं."